छिंगहाव: हिवतापाच्या गोळीमागची चिनी वनस्पती

रक्ततपासणीत फाल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला की रुग्णाच्या हातात गोळ्यांचं जे पाकीट पडतं, त्यावर बहुधा 'आर्टे'ने सुरू होणारं नाव असतं. आर्टेसुनेट, नाहीतर आर्टेमेथर. या दोन्ही औषधांचा मूळ पदार्थ एका चिनी वनस्पतीच्या पानांत सापडला. चीनमध्ये तिला छिंगहाव म्हणतात, शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ. सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातली ही वनस्पती एका हंगामात उगवते, माणसाच्या उंचीपर्यंत वाढते, बारीक पिवळी फुलं येतात आणि मग वाळून जाते. पानं बारीक चिरलेली असतात आणि चुरगळली की उग्र वास येतो.

आता हिच्या पानांची भुकटी, कॅप्सूल आणि चहा इंटरनेटवर विकायला आहे. मलेरिया, कोरोना, कॅन्सर, वजन कमी करणं, सगळ्यांवर एकच उपाय असा प्रचार चालतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते: या वनस्पतीचा एक फायदा अगदी पक्का सिद्ध झालेला आहे, त्याने लाखो जीव वाचवले आहेत, आणि तो फायदा पाला उकळून पिऊन मिळत नाही. असं का, हे समजलं की 'वनौषधींचे फायदे' छापाचा कुठलाही मजकूर वाचताना काय विचारायचं तेही समजतं.

उकळायचं नाही, पिळायचं

छिंगहावचा औषधी उपयोग फार जुना आहे. चांग्शा शहराजवळच्या मावांगद्वे इथल्या एका कबरीत रेशमावर लिहिलेले उपाय सापडले. कबर इ. स. पूर्व १६८ मधली. त्यात छिंगहाव आहे, पण मूळव्याधीसाठी. थंडी वाजून येणाऱ्या तापासाठीचा उल्लेख त्यानंतर पाचशे वर्षांनी, चौथ्या शतकात, गे हाँग या वैद्याने लिहिलेल्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेत येतो. उपाय एका ओळीचा आहे: मूठभर छिंगहाव दोन मापं पाण्यात भिजत घाला, पिळून रस काढा आणि सगळा पिऊन टाका.

सोळाशे वर्षांनी याच ओळीवर सगळा शोध येऊन अडला आणि तिथूनच सुटलाही.

१९६० च्या दशकात व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं. जंगलात लढणाऱ्या सैनिकांना गोळ्यांपेक्षा हिवताप जास्त आडवा करत होता आणि तोवर हुकमी समजलं जाणारं क्लोरोक्विन त्या भागात चालेनासं झालं होतं. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ ला बीजिंगमध्ये बैठक झाली आणि त्या तारखेवरून 'प्रकल्प ५२३' नावाचं गुप्त काम सुरू झालं. देशभरातल्या सुमारे साठ संस्था आणि पाचशेवर शास्त्रज्ञ त्यात होते. सांस्कृतिक क्रांतीचा काळ, विद्यापीठं बंद, प्राध्यापक शेतावर पाठवलेले. तशात हे काम चाललं.

१९६९ च्या सुरुवातीला बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतल्या गटाचं नेतृत्व यूयू तू यांच्याकडे आलं. वय ३८. औषधनिर्माणशास्त्राची पदवी आणि त्यावर चिनी वैद्यकाचं प्रशिक्षण, अशी दोन्हीकडची जाण त्यांना होती. नवऱ्याला कामासाठी दूर पाठवलं होतं. थोरली मुलगी चार वर्षांची, तिला निवासी बालवाडीत ठेवलं, धाकटीला निंगबोला आजीआजोबांकडे. पुढे भेटल्यावर मुलीने आईला ओळखलंही नाही, हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलं आहे.

गटाने जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना भेटून दोन हजारांवर उपाय गोळा केले आणि सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहावचा अर्क एकदा ६८ टक्के परजीवी रोखून गेला. पुन्हा केला तर १२ टक्के, कधी ४० टक्के. असा अर्क कुणीही यादीतून काढून टाकला असता.

यूयू परत जुन्या पुस्तकाकडे वळल्या. गे हाँगच्या ओळीत विस्तव कुठेच नव्हता. चिनी वैद्यकात पाला उकळून काढा करणं ही नेहमीची रीत, आणि इथे मात्र भिजवून पिळायला सांगितलं होतं. उष्णतेने गुण नष्ट होत असेल का? त्यांनी पाणी आणि अल्कोहोलऐवजी इथर वापरायचं ठरवलं. इथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे अर्क काढताना पानाला फारसा ताप लागत नाही. मग त्या अर्कातला आम्लधर्मी भाग वेगळा काढला. तो विषारी होता आणि औषध म्हणून निकामी. उरलेला भाग १९१ क्रमांकाचा नमुना म्हणून तपासला गेला. ४ ऑक्टोबर १९७१ ला उंदरांवरचा निकाल हाती आला: शंभर टक्के. माकडांवरही तेच.

माणसांना देण्याइतका अर्क हवा तर कारखाना हवा, आणि कारखाने बंद होते. गटाने घरगुती पाण्याचे रांजण आणले आणि त्यांत इथर ओतून पाला भिजवला. वारा खेळायला धड जागा नाही, इथरच्या वाफांनी माणसं आजारी पडत होती, खुद्द यूयूंना यकृताचा विकार झाला. १९७२ च्या उन्हाळ्यात त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला. काही अपाय झाला नाही, तेव्हा हायनान बेटावरच्या रुग्णांना दिला. ताप उतरला, रक्तातले परजीवी गेले. त्याच वर्षाअखेर शुद्ध स्फटिक हाती लागले. तेच आर्टेमिसिनिन.

इथे एक गोष्ट जरूर नोंदवायला हवी. हे एकट्या व्यक्तीचं यश नव्हतं. युनान आणि शांडोंग या चिनी प्रांतांतल्या गटांनी आपापल्या भागातल्या वनस्पतीतून हाच पदार्थ वेगळा केला, क्वांगचौच्या ली ग्वोछ्याव यांनी जिवावर बेतलेल्या रुग्णांवर तो वापरून दाखवला, शांघायच्या रसायनशास्त्रज्ञांनी आर्टेमेथर घडवलं. आर्टेमिसिनिनच्या रेणूच्या रचनेचा शोधनिबंध १९७७ मध्ये कुणाचंही नाव न घालता छापला गेला. २०१५ चं नोबेल यूयूंना मिळालं तेव्हाही निवड समितीने सांगितलं की हा सन्मान पारंपरिक औषधपद्धतीचा नाही, तिच्यातून प्रेरणा घेऊन केलेल्या संशोधनाचा आहे. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. जुन्या पुस्तकात छिंगहावशेजारी शेकडो उपाय होते. कुठला खरा, हे पुस्तकाने सांगितलं नाही, उंदरांनी, माकडांनी आणि हायनानच्या रुग्णांनी सांगितलं.

रक्तात नेमकं काय घडतं

हिवतापाचा परजीवी डासाच्या चाव्यातून शिरतो, आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतो. पेशीतलं हिमोग्लोबिन हे त्याचं अन्न. ते पचवताना त्यातलं लोहयुक्त हीम मोकळं होतं. हे हीम परजीवीला विषारी असतं, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी खडे करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन हे खडे होऊ देत नाही. परजीवी क्लोरोक्विन बाहेर फेकायला शिकला आणि ते औषध निष्प्रभ झालं.

आर्टेमिसिनिनची तऱ्हा वेगळी. त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून एक पूल तयार झालेला असतो. ताणून लावलेल्या उंदराच्या सापळ्यासारखा हा पूल असतो, आणि चाप ओढण्याचं काम लोह करतं. हीमशी गाठ पडताच पूल तुटतो आणि अत्यंत क्रियाशील तुकडे तयार होतात. ते परजीवीच्या आसपासच्या प्रथिनांना चिकटून ती निकामी करतात, एक-दोन नव्हे, कित्येक एकाच वेळी. जिथे परजीवी हिमोग्लोबिन खातो, नेमकं तिथेच मोकळं हीम भरपूर असतं. म्हणून औषधाचा मारा मुख्यतः त्याच्यावर होतो आणि रुग्णाच्या धड पेशी बऱ्याच अंशी बचावतात.

वेग हा याचा सगळ्यात मोठा गुण. फाल्सिपेरमचं एक चक्र ४८ तासांचं. तेवढ्या वेळात आर्टेमिसिनिन गटातलं औषध परजीवींची संख्या दहा हजार पटींपर्यंत खाली आणू शकतं. पेशीत नुकत्याच शिरलेल्या कोवळ्या परजीवींनाही ते मारतं. त्या टप्प्यावर क्विनीन या जुन्या औषधाचं फारसं चालत नाही. फाल्सिपेरममध्ये धोका होतो तो वाढलेल्या परजीवींनी भरलेल्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्यामुळे. कोवळ्या वयातच परजीवी मेला तर ती वेळच येत नाही.

याचा पुरावा मोठ्या चाचण्यांतून आला. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १,४६१ गंभीर रुग्णांवर झालेल्या तुलनेचा निकाल २००५ मध्ये आला. क्विनीन दिलेल्यांत २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलेल्यांत १५ टक्के. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांचा निकाल आला: क्विनीन १०.९, आर्टेसुनेट ८.५. तीनशे वर्षं हिवतापावर राज्य केलेल्या सिंकोनाच्या सालीतल्या औषधाला गंभीर हिवतापात मागे सारणारं हे औषधही एका वनस्पतीतूनच आलं.

मग त्याला जोडीदार का लागतो? कारण जितक्या झपाट्याने ते काम करतं तितक्याच झपाट्याने शरीरातून निघूनही जातं. काही तासांत रक्तात नावापुरतं उरतं. हिशेब मांडून पाहा. जास्त आजारी माणसाच्या अंगात एक लाख कोटी परजीवी असू शकतात. पहिल्या चक्रात ते दहा हजार पटींनी घटले तर दहा कोटी उरले. दुसऱ्या चक्रात दहा हजार. तीन दिवसांच्या गोळ्या इथे संपतात. हे दहा हजार मारायला रक्तात दिवसेंदिवस रेंगाळणारं दुसरं औषध हवं: लुमेफँट्रिन, किंवा सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन. आर्टेमिसिनिन गटातलं औषध एकटं द्यायचं तर सात दिवस द्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटू लागल्यावर पुढचे चार दिवस गोळ्या कोण घेतं? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ पासून जोडगोळीच द्यायची असं बजावलं, आणि भारतातही तोंडाने घ्यायची एकेरी गोळी बंद केली गेली.

मग पाला का नको

पहिलं कारण रसायनाचं. आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं. एका मोजमापात नऊ ग्रॅम वाळलेल्या पाल्याच्या एक लिटर चहात सुमारे ९४ मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन उतरलं. शुद्ध आर्टेमिसिनिनची दिवसाची नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे लिटरभर कडू चहा पोटात ढकलूनही एक पंचमांशच औषध मिळालं. काँगोमध्ये रुग्णांना सात दिवस असा चहा देऊन पाहिला. सातव्या दिवशी पुष्कळ जण बरे दिसले, पण नंतरच्या आठवड्यांत अनेकांच्या रक्तात परजीवी परतले.

दुसरं कारण शेताचं. पानावरच्या बारीक ग्रंथींत हा पदार्थ साठतो आणि त्याचं प्रमाण जात, जमीन, हवामान, कापणीची वेळ यावर कमालीचं बदलतं. फुलायच्या बेतात असताना ते भरपूर असतं. बीजिंगच्या आसपासच्या झाडांत फारच कमी आणि सिछ्वानकडच्या झाडांत भरपूर, हा अनुभव यूयूंच्या गटालाही आला. शिवाय याच कुळातल्या इतर चिनी वनस्पती त्याच नावाने विकल्या जात. त्यातल्या काहींत हा पदार्थ नसतोच. पुडी फोडणाऱ्याला हे डोळ्यांनी कळायची सोय नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात गंभीर वाटतं. अपुऱ्या मात्रेने कमजोर परजीवी मरतात आणि चिवट तेवढे वाचून वाढतात. पश्चिम कंबोडियातल्या पायलिन भागात आर्टेसुनेट दिल्यावर परजीवी नेहमीपेक्षा संथपणे नाहीसे होत असल्याचं २००९ मध्ये सिद्ध झालं. तिथे वर्षानुवर्षं एकेरी गोळ्या, अर्धवट कोर्स आणि कमअस्सल औषधं चालली होती. २०१४ मध्ये या चिवटपणाचा परजीवीच्या केल्च-१३ या जनुकातल्या बदलांशी असलेला संबंध सापडला. त्यानंतर रवांडा आणि युगांडातही असे परजीवी वेगळेपणाने उद्भवल्याचं दिसलं. आफ्रिकेत हिवतापाने सगळ्यात जास्त माणसं, त्यातही लहान मुलं, मरतात. तिथे हे औषध गेलं तर त्याच्या तोडीचं दुसरं आज हाताशी नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसियाचा पाला, चहा, भुकटी यांना हिवतापाच्या उपचारात किंवा प्रतिबंधात पाठिंबा देत नसल्याचं स्पष्ट केलं, ते याच साऱ्या कारणांनी.

तरी मोह सुटत नाही. एप्रिल २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी याच वनस्पतीचं पेय कोरोनावरचा उपाय म्हणून समारंभपूर्वक बाजारात आणलं. त्याने कोरोना बरा होतो हे सिद्ध झालं नाही. कॅन्सरबद्दल सांगायचं तर प्रयोगशाळेतल्या बशीत आर्टेमिसिनिन कॅन्सरच्या पेशी मारतं, हे खरं. पण बशीत पेशी मारणारे पदार्थ ढिगाने आहेत. त्यातला क्वचितच एखादा माणसाला उपयोगी पडतो. कॅन्सरच्या रुग्णाने उपचार सोडून या कॅप्सूलच्या मागे लागावं असा काडीचा पुरावा नाही. आणि 'वनस्पतीच आहे, अपाय कसला' हेही खरं नाही. आर्टेमिसिनिन असलेली पूरक गोळी घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची नोंद अमेरिकेत २००८ मध्ये झाली आहे.

आपल्याकडे

आपला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो, याच वंशातला: आर्टेमिसिया पॅलेन्स. नातं जवळचं आहे म्हणून गुणही तेच असं मात्र धरून चालू नका. दवण्याने माणसाचा हिवताप बरा होतो असं कुणी दाखवलेलं नाही. चिनी जातीची लागवड भारतातही होते. लखनौच्या 'सीमॅप' या सरकारी संस्थेने जास्त आर्टेमिसिनिन देणारे वाण तयार केले आणि शेतकऱ्यांकडून करारावर पीक घेतलं गेलं. यीस्टमध्ये जनुकं घालून कारखान्यात आर्टेमिसिनिनचा कच्चा माल बनवण्याची पद्धतही निघाली, २०१३ पासून तिचं मोठं उत्पादन सुरू झालं, पण शेतातल्या मालाचा भाव उतरला की ती परवडत नाही.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम अजून ठाण मांडून आहे, तर मुंबईत बहुतेक हिवताप व्हायवॅक्स जातीचा असतो. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण व्हायवॅक्सवर आपल्याकडे अजून क्लोरोक्विन चालतं. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उसळतो. त्या दडलेल्या परजीवीवर आर्टेमिसिनिनचं काही चालत नाही. तिथे चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावं लागतं. ते काही जणांना जन्मजात दोषामुळे सोसत नाही. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हणून ताप आला की आधी रक्त तपासायचं, आशाताईंच्या किटवर किंवा सूक्ष्मदर्शकाखाली, आणि जात कळल्यावर औषध.

आर्टेमेथर-लुमेफँट्रिन मिळालं असेल तर ते दुधाबरोबर किंवा थोडं तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावं. रिकाम्या पोटी लुमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही, आणि परजीवींचा शेवटचा दहा हजारांचा जथा मारायचं काम त्याचंच आहे. एकूण सहा वेळा, तीन दिवसांत: पहिली मात्रा, दुसरी आठ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. गोळी पोटात टिकली नाही, लगेच उलटी झाली, तर पुन्हा विचारून घ्यावं. गरोदर बाईच्या औषधाचा निर्णय डॉक्टरांवरच सोडावा. आर्टेसुनेटची इंजेक्शनं घ्यावी लागलेल्या माणसाचं रक्त पुढचे चार आठवडे अधूनमधून तपासून घेतलेलं बरं, कारण काहींचं हिमोग्लोबिन बरं झाल्यावर उतरतं.

आणि कुणी या पाल्याचा काढा किंवा कॅप्सूल आधीच घेतली असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावं. अर्धवट मात्रेने ताप दोन दिवस दबतो, रक्तातले परजीवी इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि 'मलेरिया नाही' असं धरून उपचार दुसरीकडेच वळतात. माहिती असली की डॉक्टर पुन्हा रक्त घ्यायला सांगतात, एकदा नव्हे, बारा ते चोवीस तासांच्या अंतराने दोन-तीनदा.